कानी पडले ते अंगी बाणावे
(दृष्टांताच्या अध्ययनात देहानुभवाचे स्थान)

एखादी गोष्ट मनुष्याला समजली, हे सांगण्यासाठी मराठी भाषेने जे शब्दप्रयोग घडविले आहेत, ते क्रमाने मांडून पाहण्यासारखे आहेत. गोष्ट प्रथम कानी पडते. मग ती गळी उतरते. मग पचनी पडते. त्यानंतर ती अंगी बाणते आणि शेवटी अंगवळणी पडते. कान, गळा, पोट आणि अखेर सर्व अंग असा हा प्रवास आहे. अन्न मुखातून पोटात जाऊन रक्तमांस होते, तद्वत् शब्दही देहात उतरून देहाचाच एक भाग होतो, असे ही भाषा बोलणाऱ्या सामान्य जनांना पिढ्यानुपिढ्या वाटत आले आहे. त्यांनी शास्त्र वाचले नव्हते. पण समजण्याची खूण कोठे शोधावी हे त्यांना पक्के ठाऊक होते.

सूत्रपाठाचे श्रवण करणाऱ्या प्रत्येक साधकाने स्वतःस विचारावयाचा प्रश्न याच क्रमातून निघतो. ऐकलेले सूत्र यांपैकी कोणत्या पायरीवर थांबले आहे? पाठांतर उत्तम झाले म्हणजे ते कानातून मुखापर्यंत आले, एवढेच सिद्ध होते. कानातून मुखात येण्यास गळ्याखाली उतरण्याची गरज नसते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी दृष्टांत सांगितले ते या अडलेल्या शब्दाला वाट मोकळी करून देण्यासाठी. त्या दृष्टांतांत देहाला आणि इंद्रियांना कोणते स्थान आहे, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

शब्दाचे मूळ

लहान मूल भाषा कसे शिकते ते पाहावे. ‘भाजते’ हा शब्द आई दहा वेळा उच्चारते. परंतु ज्या दिवशी तव्याच्या कडेला बोट लागते, त्या दिवशी तो शब्द बाळाचा होतो. ‘जड’ म्हणजे काय ते पाण्याची कळशी उचलताना हाताला कळते. पुढे तेच मूल मोठे होते आणि ‘अंतःकरण जड झाले’ असे म्हणते. तेथे उचलावयाची कळशी नसते, पण हाताने पूर्वी जाणलेला भार मनाच्या व्यथेला आपले नाव देतो. कडू बोल जिभेला लागत नाहीत, तरी ते कडू असतात. अपराध पोटात घालावा लागतो. टोचून बोललेले कित्येक दिवस सलते. अदृश्य गोष्टींविषयी बोलण्याची पाळी येते तेव्हा भाषा देहाकडे वळते आणि त्याच्याकडून शब्द उसने घेते.

अलीकडच्या पाश्चात्त्य विद्वानांनीही या गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोघांनी सन १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, रूपक हा केवळ कवींचा अलंकार नसून सामान्य मनुष्याचा नित्याचा विचारच रूपकांतून चालतो, आणि त्या रूपकांचा पाया पुष्कळ अंशी देहानुभवात असतो. पुढे सन २००४ मध्ये हॉक, जॉन्सरूड व पुल्वरम्युलर या संशोधकांनी असे दाखविले की, चाटणे, उचलणे, लाथ मारणे अशा अर्थाची क्रियापदे मनुष्य नुसती वाचीत असताही मेंदूचे जे भाग जीभ, हात व पाय हालवितात, त्यांच्या आसपास स्फुरण होते. हे स्फुरण अर्थबोधाचे कारण आहे, की अर्थबोधाबरोबर येणारी केवळ सोबत आहे, याविषयी विद्वानांत वाद आहे. तो वाद त्यांच्याकडेच असू द्यावा. शब्द आणि देह यांचे नाते जवळचे आहे, इतके प्रस्तुत विचारास पुरेसे आहे.

दृष्टांताची रचना

दृष्टांतपाठाचे संकलन केसोबासांनी केले. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची मांडणी तीन अंगांची आहे: प्रथम सूत्र, मग दृष्टांत, आणि शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे सिद्धांताचे वचन. दृष्टांत म्हणजे लोकव्यवहारातील गोष्ट. दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीने सिद्धांताचा कोणता अंश उजळला त्याचे विवरण. दृष्टांत या शब्दातच ‘दृष्ट’ आहे. न पाहिलेल्या अर्थाकडे जावयाचे तर आरंभ पाहिलेल्यापासून करावा लागतो. आपल्या ओट्यावरून उतरल्याखेरीज कोणी दुसऱ्या गावी पोहोचत नाही.

जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत सर्वांस परिचित आहे. जन्मापासून आंधळे असलेले काही जण हत्ती जाणण्यास जातात. कोणाच्या हाती कान येतो, तो हत्तीला सुपासारखा म्हणतो. कोणाच्या हाती पाय येतो, तो खांबासारखा म्हणतो. प्रत्येक जण आपल्या हाताचे खरे मानतो आणि भांडण जुंपते. ज्याला डोळे आहेत त्याला सर्व अवयवांसह हत्ती दिसतो, आणि प्रत्येकाचे म्हणणे कोणत्या अवयवापुरते खरे आहे हेही कळते. एकेका अंशाचे ज्ञान झालेला पुरुष त्या अंशालाच पूर्ण मानतो, ज्ञात्याला मात्र अंश अंशरूपाने कळतो, हे तात्पर्य निरूपणात नेहमी सांगितले जाते.

या दृष्टांतात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. आंधळ्याने कानाला ‘सूप’ म्हटले, कारण घरातले सूप त्याच्या हाताला ठाऊक होते. पायाला ‘खांब’ म्हटले, कारण ओसरीच्या खांबाला धरून तो रोज उभा राहत होता. हत्ती कधीही न जाणलेल्या मनुष्याने त्याविषयी बोलण्यासाठी जो शब्द शोधला, तो आपल्या हाताच्या ओळखीतूनच शोधला. त्याचा शब्द खोटा नव्हता आणि स्पर्शही खोटा नव्हता. हात जेथे थांबला तेथेच हत्ती संपला असे त्याने मानले, एवढीच त्याची चूक. देहानुभवाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही या एका दृष्टांताने एकत्र दाखविली आहेत. अनुभवावाचून शब्द निघत नाही. पण आपल्याच अनुभवावर थांबलेला शब्द भांडण लावतो.

म्हातारीची भाषा

श्रीचक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे. तरी महाराष्ट्रात त्यांनी जे निरूपण केले ते मराठीत केले, आणि ऐकणाऱ्यांत पंडित होते तसे दळणकांडण करणाऱ्या स्त्रिया व गावोगावची साधी माणसेही होती. स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर आचार्यपदावरील श्रीनागदेवाचार्यांपुढे एकदा पंडितांनी संस्कृतातून प्रश्न मांडला. ती भाषा आपणास कळत नाही, स्वामींनी आपणास मराठीत निरूपिले, तेव्हा त्याच भाषेत पुसावे, अशा आशयाचे उत्तर आचार्यांनी दिले. पुढे केसोबासांसारखा समर्थ संस्कृत पंडित शास्त्र संस्कृतात आणू पाहत असता, त्यायोगे स्वामींच्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या वंचित होतील, असे सांगून आचार्यांनी त्यांना थांबविले. स्मृतिस्थळातील हे प्रसंग महाराष्ट्रात सर्वत्र सांगितले जातात.

बहुधा या प्रसंगांतून आचार्यांचा भाषाभिमान किंवा त्यांची दया दाखविली जाते. दोन्ही खरे आहे. परंतु त्यांत एक ज्ञानविषयक तत्त्वही आहे. म्हातारीला संस्कृत येत नाही ते तिला बुद्धी कमी म्हणून, असे आचार्यांनी मानले नाही. जात्याचा खुंटा धरून जिचा तळहात घट्ट झाला, जिने रात्रीबेरात्री वासराला गाईखाली सोडले, जिने दुष्काळात एक भाकरी चौघांत मोडली, तिच्या देहात अर्थ आधीच साठलेला आहे. त्याला जागे करणारा शब्द तिच्या हाताच्या ओळखीचा असावा लागतो. पंडिताला तोच अर्थ कोशातून मिळवावा लागतो. मराठीचा आग्रह धरून आचार्यांनी शास्त्राची प्रतिष्ठा यत्किंचितही उणी केली नाही. जेथे अर्थ वसत होता, त्या घरी त्यांनी शास्त्राला नेऊन पोहोचविले.

देहाकडे परत नेलेला शब्द

काही शब्द देहापासून तुटतात आणि मग मनुष्याला जाचू लागतात. ‘विटाळ’ हा तसा शब्द आहे. लीळाचरित्रात स्त्रियांच्या मासिक धर्माविषयी स्वामींनी केलेले निरूपण आहे. नाक, डोळे इत्यादी द्वारांतून देहाचे मळ स्रवतात, तसाच हाही एका द्वाराचा देहधर्म. त्याला विटाळ मानण्याचे कारण नाही, असा त्याचा भाव आहे. स्वामींनी येथे वादविवादाचा पसारा मांडला नाही. शतकानुशतके भयाने फुगलेला शब्द त्यांनी उचलला आणि प्रत्येकाच्या नित्य अनुभवातील देहासमोर आणून ठेवला. नाक शिंकरल्याने कोणी अस्पृश्य होत नाही, हे सर्वांस ठाऊक होते. जे ठाऊक होते त्याच्या प्रकाशात भय विरघळले. ज्या स्त्रीने ते ऐकले तिच्यासाठी तो तत्त्वचर्चेचा विषय नव्हता. घरात कोठे बसावे, भांड्याला हात लावावा की नाही, देवाचे नाव घ्यावे की नाही, हा तिच्या जगण्याचा प्रश्न होता. शब्दाचा अर्थ सुधारला म्हणजे देहाचे जिणे सुधारते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

शंका आणि समाधान

येथे विचारी साधकास शंका येईल. देहानुभवाने शब्द कळतो असे मानले, तर परमेश्वर हा शब्द कसा कळावा? परमेश्वराचे स्वरूप इंद्रियांना अगोचर आहे. इंद्रिये प्रपंचातील, त्यांचे विषयही प्रपंचातील. आंधळ्याच्या हाताला निदान हत्तीचा कान तरी लागला. जीवाच्या हाताला परमेश्वराचे काय लागणार?

या शंकेचे समाधान अवतारतत्त्वात आहे. जीव आपल्या बळाने परमेश्वरापर्यंत जाऊ शकत नाही, म्हणून परमेश्वरच कृपावश होऊन मायापूर स्वीकारतो, मनुष्यवेषाने जीवांमध्ये वावरतो, बोलतो, चालतो, जेवतो, निजतो. ज्याला रूप नाही तो दिसू लागतो. ज्याला शब्द पोहोचत नाही तो स्वतः शब्द उच्चारतो. जीवाला देहाची भाषा तेवढी कळते, हे जाणून परमेश्वराने देहाची भाषा स्वीकारली. या दृष्टीने पाहता अवतार हाच परमेश्वराने जीवासाठी सांगितलेला सर्वांत मोठा दृष्टांत म्हणावा लागेल. लीळाचरित्रात म्हाइंभटांनी स्वामींचे बसणे, उठणे, हसणे, आरोगणा अशा बारीकसारीक चेष्टा इतक्या आस्थेने का नोंदविल्या, याचा उलगडाही येथेच होतो.

यावर दुसरी शंका अशी: ज्यांना सन्निधान लाभले त्यांचे ठीक, परंतु असन्निधानी जीवाचे काय? त्याने ती मूर्ती पाहिली नाही, तो शब्द ऐकला नाही. मग त्याच्या मुखातील नाम पोकळच राहावयाचे काय?

या शंकेवर प्रकाश टाकणारी एक आधुनिक नोंद, योगायोगाने, जात्यंधाविषयीचीच आहे. बार्बरा लँडाऊ व लीला ग्लाइटमन या विदुषींनी सन १९८५ मध्ये अंध बालकांच्या भाषेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. जन्मतः दृष्टिहीन असलेल्या एका लहान मुलीला ‘वर पाहा’ म्हटले, तेव्हा तिने मान वर केली नाही. हात वर केले. डोळस मुलांचे डोळे बांधून तेच म्हटले असता त्यांनी मान वर केली. त्या मुलीला एखादी वस्तू ‘स्पर्श कर, पण पाहू नकोस’ असे सांगितले तर ती नुसती टिचकी मारी. आणि ‘आता पाहा’ म्हटले की त्या वस्तूवर सर्वत्र हात फिरवून ती नीट जाणून घेई. ‘पाहणे’ हा शब्द तिच्यापुरता मेलेला नव्हता. आसपासच्या डोळस माणसांच्या बोलण्यातून तो तिच्याकडे आला, आणि तिच्याजवळ जे इंद्रिय होते त्या इंद्रियाने तिने तो जिवंत केला.

असन्निधानी जीवाची स्थिती या मुलीसारखी आहे. सन्निधानाचे डोळे त्याला नाहीत. परंतु ज्यांना ते होते त्यांचे शब्द परंपरेने त्याच्यापर्यंत आले आहेत आणि त्याच्याजवळ त्याचे हात आहेत. स्थान, प्रसाद, भिक्षू आणि वासनिक ही साधने त्या हातांसाठी आहेत. ज्या ओट्यावर स्वामी बसले त्या ओट्याला कपाळ टेकवावे. प्रसाद मस्तकी धरावा. भिक्षूला दंडवत घालावे. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण याच मार्गाने पुष्ट होते. स्थानाला टेकलेल्या कपाळाला दगडाचा गारवा लागतो. तो गारवा म्हणजे परमेश्वर नव्हे, हे साधकाने विसरू नये. नाही तर हत्तीचे सूप व्हावयाचे. पण त्या गारव्यापाशी लीळेतील शब्दाला पाय टेकण्यास जागा मिळते, हेही विसरू नये.

भूक आणि रुची

आता आचाराकडे वळावे. एक तरुण साधक कल्पावा. आश्रमात राहून त्याने आचारप्रकरण मुखोद्गत केले आहे. भिक्षुकाने भिक्षान्नात रुची का निवडू नये, यावर तो तासभर न अडखळता बोलतो. ऐकणारे डोलतात. त्याचे वृद्ध गुरू मात्र एक दिवस त्याच्या हाती झोळी देतात आणि म्हणतात, “जा, तीन गावे अटन करून ये.”

पहिल्याच गावी एका दारात म्हातारी म्हणते, “बाबा, दंडवत. आज ताजं काही नाही, कालची भाकरी आहे. चालेल का?” दुसऱ्या घरी आंबट ताक मिळते, तिसऱ्या घरी मूठभर भात, चौथ्या घरी तिखट आमटी. पाचव्या घराचे दार उघडतच नाही. ओढ्याकाठी झाडाखाली बसून तो सर्व एकत्र कालवतो आणि पहिला घास घेतो. घास गळ्याशी अडतो. पोटात भूक आहे, समोर अन्न आहे, आणि गळा नाही म्हणतो! तो बराच वेळ तसाच बसून राहतो. मग पाण्याच्या घोटाबरोबर तो घास उतरवतो, पाठोपाठ दुसरा.

परत आल्यावर गुरू विचारतात, “आता ते सूत्र सांग.”

तासभर बोलणारा साधक आज थोडे थांबतो. “बाबा, भूक वेगळी आणि रुची वेगळी. इतके दिवस दोहोंना मी भूकच म्हणत होतो.”

गुरू म्हणतात, “मग आज सूत्र तुझ्या गळी उतरले. पचनी पडावयाचे राहिले आहे. उद्या पुन्हा जा.”

या साधकाला नवीन शब्द एकही मिळाला नाही. जुन्या एका शब्दाचे दोन झाले, इतकेच. पण ते दोन करण्यास ग्रंथ असमर्थ ठरला होता. ते काम एका घासाने केले. त्याचबरोबर हेही ध्यानी घ्यावे की, तसला घास हजारो दरिद्री जनांच्या गळ्यातून रोज उतरतो आणि त्यांना या सूत्राचा बोध होत नाही. भूक सर्वांनाच लागते. साधकाच्या मुखात आधी सूत्र होते म्हणून घासाला वाचा फुटली. अनुभवावाचून शब्द पोकळ राहतो आणि शब्दावाचून अनुभव मुका राहतो. पाठांतराची निंदा करण्याचे म्हणूनच कारण नाही. पाठांतर हे बी आहे, पण ते कणगीतच राहिले तर पीक यावयाचे नाही.

वासनिकांनी हा विचार भिक्षूंपुरता समजू नये. ‘अहिंसा’ हा शब्द सभेत ऐकलेला असतो. पण थकलेला बैल तासात उभा राहिला, टोचण्यासाठी पराणी उचलली आणि हात तसाच थांबला, त्या क्षणी तो शब्द त्या शेतकऱ्याच्या मनगटात उतरला. ‘दान’ हा शब्द घरात धान्य उदंड असता कळत नाही. मापटे अर्धे रिकामे असताना त्यातून ओंजळ काढणाऱ्या हाताला तो कळतो.

आज अशी यंत्रे निघाली आहेत की, लिहिलेल्या वाक्यांच्या प्रचंड साठ्यावरून ती कोणत्याही विषयावर सुबक वाक्ये रचून देतात. गुळाच्या गोडीवर त्यांना निबंध मागितला तर तो क्षणात मिळतो, आणि त्यांना जीभ नाही. त्या यंत्रांना काही कळते की नाही, याचा निर्णय त्या विषयातील जाणत्यांनी करावा. साधकापुढचा प्रश्न अधिक जवळचा आहे. गूळ न चाखता गोडीवर निरूपण करणे यंत्राला शोभते, कारण त्याला जीभ दिलेलीच नाही. ज्याला जीभ, हात, पाय आणि त्यांवर सत्ता चालविण्याजोगे मन दिले आहे, ज्याला दुर्लभ मनुष्यदेह लाभला आहे, त्याने यंत्रासारखे निरूपण केले तर तो दोष कोणाचा?

उपसंहार

देह बंधनाचे कारण आहे, असे शास्त्र सांगते आणि ते यथार्थ आहे. परंतु देह विषयांकडे धावतो तेव्हा तो बंधन होतो. तोच देह अटनात झिजतो, भिक्षेत नमतो, स्थानापुढे लवतो, तेव्हा परमेश्वराच्या शब्दाला जीवात शिरण्याची तो वाट होतो. स्वामींनी त्याच वाटेने सूप, खांब, घरदार आणि गुरेढोरे अशा ओळखीच्या वस्तूंना हाताशी धरून जीवाला पुढे नेले. वाटेवर मुक्काम करावयाचा नसतो. पण वाट टाळून कोणी पोहोचल्याचेही ऐकिवात नाही.

म्हणून प्रत्येक साधकाने रात्री निजण्यापूर्वी दिवसभरात उच्चारलेले एकच सूत्र घ्यावे आणि आपल्या हातापायांना पुसावे की, आज हे तुम्हांस भेटले काय? उत्तर ‘नाही’ असे आले तर खिन्न होऊ नये. दुसऱ्या दिवशी झोळी असेल त्याने झोळी उचलावी, नांगर असेल त्याने नांगर धरावा, जाते असेल तिने जात्याचा खुंटा धरावा, आणि ते सूत्र मुखी घेऊन कामास लागावे. कानी पडलेले कधी तरी अंगी बाणेल. ज्या दिवशी बाणेल, त्या दिवशी निरूपण थोडे होईल आणि दंडवत अधिक.

॥ दंडवत प्रणाम ॥